शब्दांचे धर्मबाप

"चार? आठवड्याला फक्त चार शब्द?"

"चार."

"या पेटीत आठवड्याचे वीस आहेत, मिसेस आरेगीन. वीस! छापील, रंगीत, मागच्या बाजूला अर्थ लिहिलेला."

"मग पेटीलाच शिकवू दे की, सर. मी घरी जाऊन पाय वर करून बसते."

"गणित बघा. वर्षाचे छत्तीस आठवडे. वीस छत्तीसे सातशे वीस. आणि तुमचे चार छत्तीसे..."

"एकशे चव्वेचाळीस. गणित मलाही येतं. चौदा वर्षं सफरचंदं मोजलीयेत मी."

"मग?"

"मग त्या सातशे वीसांतले जूनमध्ये शाळा संपते तेव्हा पोरांच्या डोक्यात किती उरतात, तेवढं सांगा."

बाहेर माझ्या टेबलाशी मी हजेरीपट उलटा धरून बसले होते. मुख्याध्यापकांची खोली आणि माझी कचेरी यांच्यामधली भिंत नावापुरतीच. आत कोणी शिंकलं तर मी 'देव भलं करो' म्हणते आणि आतून 'थँक यू' येतं.

आत होते आमचे मुख्याध्यापक लुंडक्विस्ट. साडेसहा फुटी, मूळचे खेळाचे शिक्षक, गळ्यातली शिट्टी अजून काढलेली नाही. आणि त्यांच्यासमोर उभी होती माझी सख्खी मावशी, दोमितिला आरेगीन. ती त्यांच्या बरगडीपर्यंत येते, पण भांडताना हे तिच्या लक्षात राहत नाही आणि त्यांच्या लक्षात राहून काही फायदा होत नाही.

"मुलं उत्तम वाचतात," लुंडक्विस्ट म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय. घडाघडा वाचतात."

"घडाघडा मीही वाचायचे. माझ्यामुळे बारा बायका बर्फात उभ्या राहिल्या."

"ती गोष्ट तुम्ही मला सांगितलीय."

"मग अजून एकदा ऐका."

लुंडक्विस्टनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. त्यांनी ती गोष्ट बहुतेक नऊ वेळा ऐकली होती.

गोष्ट खरी आहे. माझी आईही त्या बारांत होती.

आमच्या खोऱ्यात सगळ्यांचं पोट सफरचंदावर चालतं. मावशी अकरा वर्षांची असताना सीमेपलीकडच्या स्पॅनिश मुलखातून, मिचोआकानहून, इथे आली, चार वर्षं चेरी तोडली, मग सफरचंदं निवडायच्या पट्ट्यापाशी उभी राहिली. शाळा जेमतेम. पण इंग्रजी अक्षरं तिने खोक्यांवरून उचलली. वाचायची अशी की ऐकत राहावं. पट्ट्यावरच्या बायका प्रत्येक कागद तिच्याकडे आणायच्या. "दोमी, वाच." दोमी वाचायची.

एका जानेवारीत फाटकावर पाटी लागली. दोमीने ती मोठ्याने वाचली. त्यात एक शब्द होता, 'सस्पेंडेड.' तो तिने असा घोळवून, असा लांबवून म्हटला की बायकांना वाटलं काहीतरी मोठं ठरलेलं दिसतंय. कोणी म्हणालं, साहेब येणार. कोणी म्हणालं, जेवण असणार. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, दोमीलाही नव्हता, पण इतकं सुंदर वाचल्यावर अर्थ कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा जणी चांगले कपडे घालून, डबे घेऊन, गुडघाभर बर्फातून फाटकापाशी हजर. फाटक बंद. आतून पहारेकरी ओरडला, "अहो, आज पाळी बंद! पाटी वाचली नाही का?"

"वाचली!" माझी आई ओरडली. "हिने वाचली! आणि काय झकास वाचली!"

त्या दिवशी परत येताना मावशी कोणाशी बोलली नाही. तेव्हापासून कोणी म्हणालं, 'पोरगं वाचायला शिकलं,' की ती विचारते, "वाचायला, की आवाज काढायला?"

पट्टा सुटल्यावर ती शाळेत आली ती जेवणाच्या रांगेत वाढपी म्हणून. तिथे तिने पहिलं काम काय केलं? ज्या पोराला जे हवं ते त्याने बोट न दाखवता, इंग्रजीत नाव घेऊन, चव सांगून मागायचं. "ते पिवळं" म्हटलं की वाटी रिकामी. रांग दारापर्यंत जायची, शिक्षक वैतागायचे, पण दोन महिन्यांत कुरकुरीतला 'क्रंची' न् लिबलिबीतला 'सॉगी' हे पोरांच्या तोंडी खेळू लागले. शेवटी रांग आटोक्यात यावी म्हणूनच लुंडक्विस्टनी तिला वर्गात मदतनीस नेमलं. खोली दिली झाडू-बादल्यांची. दिवसाचा एक तास, चौथीतली एकोणीस मुलं. घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि मध्ये बोळा अडकल्यासारखी. शाळेत सगळे तिला दोमीबाई म्हणतात.

तिची पद्धत अशी. पुस्तक आधी उघडायचं नाही. आधी त्यातले शब्द भेटवायचे. तेही वाटेल ते नाहीत. एका जाड वहीत ती ग्रंथालयातली पुस्तकं चाळून खुणा करत बसते. एकाच गोष्टीत येणारा शब्द तिच्या कामाचा नाही. जो गोष्टीतही येतो, विज्ञानातही येतो, इतिहासातही येतो, तो धरायचा. आठवड्याला असे चार. शब्दकोशातला अर्थ दहा वेळा लिहायला लावणं म्हणजे तिच्या मते कागदाचा छळ. ती अर्थ पोरांच्या भाषेत सांगते, मग स्पॅनिशमध्ये त्याचा भाऊबंद आहे का बघते, मग पोरांकडून तो चालवून घेते, बोलवून घेते, चित्रात काढून घेते. आणि मग म्हणते, "आता याला घेऊन बाहेर जा. शाळेबाहेर तीन ठिकाणी वापरून या."

पोरं कुठली वापरतात! म्हणून जानेवारीत तिने चिठ्ठी काढली, एका शब्दाला एक. चिठ्ठीवर शब्द, मुलाचं नाव आणि खाली एक रेघ: 'या शब्दाचा पाद्रिनो.' सही मोठ्या माणसाची. मोठ्याने तो शब्द शिकायचा आणि मुलाकडून आठवडाभर वदवून घ्यायचा, इतकंच.

पाद्रिनो म्हणजे धर्मबाप. मावशीने गंमत म्हणून लिहिलं. पण आमच्या खोऱ्यात या बाबतीत गंमत नसते.

आमच्याकडे बाळाच्या नामकरणाला धर्मबाप असतो हे झालंच. पण पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला केकचा धर्मबाप वेगळा, बुटांचा वेगळा, बँडवाल्यांचा वेगळा. नवीन ट्रॅक्टर आला तर त्याच्यावर पाणी शिंपडायलाही एक लागतो. ज्याला विचारलं त्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणारा माणूस पुढे या गावात केस कापायलासुद्धा जाऊ शकत नाही. गप्प राहिला तरी हो धरतात. आणि एकदा धर्मबाप झाला की ते लेकरू त्याचं, त्या लेकराची लाज त्याची, आणि लेकराच्या आईबापांचा तो जन्माचा सोयरा.

पहिल्याच शुक्रवारी मी टेबलाशी बसले होते आणि दारातून सोळा माणसं आत आली. इस्त्रीचे शर्ट, चकचकीत बूट, बायकांच्या कानांत लग्नातली डुलं. हातांत पातेली. शाळाभर मक्याच्या पानात वाफवलेल्या तामालेंचा वास सुटला.

लुंडक्विस्ट बाहेर आले. "हे काय? कोणाचं लग्न आहे?"

"नामकरण आहे, सर," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"'फ्रजाइल'चं. आणि अजून तिघांचं."

मावशी खोलीच्या दारात उभी. तिला नुसत्या चार सह्या हव्या होत्या, आणि समोर गणगोतासह सोळा माणसं टोप्या हातात घेऊन, गंभीर चेहऱ्याने. मग तिने बादल्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "या, या. आत या. कोण कोणाचं?"

त्या दिवसापासून दर शुक्रवारी धर्मबाप यायचे आणि आपल्या शब्दाची गोष्ट सांगायचे. जी घरात घडलेली असेल तीच. रेमेदियोसकाकू पाववाली 'फ्रजाइल'ची धर्ममाय. ती डझनभर अंडी घेऊन आली, एकेका पोराच्या तळहातावर एकेक ठेवलं आणि म्हणाली, "दिवसभर सांभाळा. फ्रजाइल म्हणजे हे." सहा फुटली. ज्यांची फुटली ती पोरं तो शब्द मरेपर्यंत विसरणार नाहीत, कारण तिने त्यांना गोड पाव दिला नाही.

नेमेसियो खाटीक 'हेझिटेट'चा धर्मबाप झाला. त्याने ते फारच मनावर घेतलं. शाळा सुटायच्या वेळी तो दुकानाच्या दारात सुरी घेऊन उभा राहायचा. सुरी वर, सुरी खाली. वर, खाली.

"नेमेसियो, कापतोयस की नाही?" गिऱ्हाईक ओरडायचं.

"थांबा हो बाई! पोरं बघतायत. मी हेझिटेट करतोय."

"मग पोरं गेल्यावर कर!"

"पोरं गेल्यावर करून कोणाला उपयोग?"

आणि कोपऱ्यावर जमलेली पोरं एका सुरात: "नेमेसियोकाका इज हेझिटेटिंग!" की मग खाडकन सुरी खाली.

'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी. तो शब्द नेमक्या कोणाच्या वाट्याला गेला ते मी सांगत नाही, कारण तो माझा बाप आहे.

तर एप्रिलपर्यंत हे असं चाललं होतं, आणि एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या कचेरीतून ती छापील शब्दकार्डांची पेटी आली. शेजारच्या वर्गात पेटी सुरूही झाली होती. लुंडक्विस्टना एका शाळेत दोन पद्धती चालणार नव्हत्या, आणि तामालेंच्या वासाने त्यांना दर शुक्रवारी अकरा वाजता भूक लागायची, तेही एक होतं.

भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला.

"तीन आठवडे," लुंडक्विस्ट म्हणाले. "त्यानंतरच्या गुरुवारी तुमच्या मुलांना मी एक पान देईन. शेजारच्या वर्गाला दिलं तेच, तुमच्यातल्या कोणी न पाहिलेलं. दहा प्रश्न. सरासरी आठ आली तर तुमचा तास राहील."

"आणि नाही आली तर?"

"तर पेटी. आणि तुम्ही पुन्हा जेवणाच्या रांगेत."

"शेजारच्या वर्गाची किती आली?"

"तो मुद्दा नाही."

"किती आली, सर?"

"...साडेसहा."

"हं," मावशी म्हणाली आणि बाहेर आली. माझ्या टेबलाशी थांबून कुजबुजली, "हजेरीपट सरळ धर. ढ कुठली."

पुढच्याच सोमवारी ती नेहमीप्रमाणे चार शब्द घेऊन आली आणि त्यांतला एक होता 'ॲबंडन.' सोडून देणं, टाकून जाणं. वहीत त्याच्यापुढे अकरा खुणा होत्या. टाकलेली खाण, टाकलेलं घरटं, टाकलेलं जहाज. चौथीच्या पुस्तकांत हा शब्द पावलापावलाला.

चिठ्ठी निघाली सितलालीच्या नावाने. सितलाली म्हणजे दोन वेण्या, चष्मा, आणि वर्गातलं सगळ्यात मोठं तोंड. तिने चिठ्ठी आईला दिली. आईने वाचली, अर्थ विचारला आणि हात चुलीला लागल्यासारखी मागे सरली. मग ती चिठ्ठी रेमेदियोसकाकूकडे गेली. तिथून नेमेसियोकडे. तिथून माझ्या बापाकडे. धर्मबाप व्हायला नाही म्हणता येत नाही, म्हणून प्रत्येकाने कोणी विचारायच्या आत चिठ्ठी पुढे सरकवली. गुरुवारी ती चिठ्ठी फिरून परत सितलालीच्या दप्तरात, तेलाचे, पिठाचे आणि रक्ताचे डाग घेऊन, सहीविना.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. मावशीचा नवरा फुल्हेन्सियो अकरा वर्षांपूर्वी ट्रकचं चाक बदलून आणतो म्हणून गेला होता. चाक बदललं असावं. ट्रक दूर आयडाहो राज्यात दिसल्याचं कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून मावशीसमोर कोणी ट्रकचं नाव काढलं तरी दुसरा खोकून विषय बदलतो.

मावशीने ती डागाळलेली चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली.

"एवढी फिरली? आणि एकही बाप नाही?"

सितलाली गप्प. ती गप्प राहिलेली वर्गाने पहिल्यांदाच पाहिली.

"आण इकडे," मावशी म्हणाली आणि खाली स्वतःची सही केली. "मीच होते याची धर्ममाय."

शुक्रवारी ती दुधातला गोड भात करून घेऊन आली, दालचिनी घालून, मोठं पातेलं. पोरांना वाटीवाटीभर दिला आणि पुढे उभी राहून अगदी साध्या आवाजात सांगितलं. "एक माणूस होता. त्याला घर होतं, बायको होती, एक लिंबाचं झाड होतं. तो चाक आणायला गेला. त्याने चाक सोडलं नाही. ट्रक सोडला नाही. घर ॲबंडन केलं, बायको ॲबंडन केली, आणि लिंबाचं झाडही. झाड जगलं. मी पण जगले. आता भात खा, गार होतोय."

पोरांनी भात खाल्ला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी एकोणीस घरांत पोचली आणि एकोणीस आयांनी एकच फर्मान काढलं. ते मी आमच्याही घरात ऐकलं, कारण माझी धाकटी बहीण त्याच वर्गात. आई लाटणं उगारून म्हणाली, "तिच्या हातचा भात खाल्लास ना? मग ते दुःख आता आपल्या घरातलं. तो शब्द बाईंच्या समोर तोंडातून काढशील तर बघ."

परीक्षेचा गुरुवार उजाडला.

लुंडक्विस्टनी स्वतः पान निवडलं होतं. डोंगरातलं एक जुनं गाव, चांदीची खाण, लोकांची गर्दी, मग चांदी संपली आणि लोक गेले. दीड पानाचा मजकूर, एकही चित्र नाही. ते शिट्टी हातात घेऊन दारात उभे राहिले. मावशी बाकांमधून पेन्सिली वाटत फिरत होती. तिचे ओठ हलत होते. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि कचेरीत फोन वाजत होता. वाजू दिला.

पोरांनी वाचलं. भुवया आकसल्या, मग सैल झाल्या. एकाने 'रिमोट', म्हणजे दूरवरचं, या शब्दापाशी दोन्ही हात लांब पसरले, कारण त्या शब्दाची धर्ममाय तसेच पसरायची. एकीने 'गॅदर'पाशी हवेतल्या हवेत सफरचंदं गोळा केली. लुंडक्विस्ट चक्रावून बघत होते. परीक्षा चालू होती की नाच, त्यांना कळेना.

वेळ संपला. पेपर लुंडक्विस्टनी उचलले, लाल पेन्सिल घेतली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मधल्या भिंतीतून मला फक्त बरोबरच्या खुणा ऐकू येत होत्या. टिक, टिक, टिक. मग थांबणं. पुन्हा टिक टिक टिक. मग पुन्हा थांबणं, दर वेळी तितक्याच अंतराने.

जेवणानंतर त्यांनी मला बोलावलं. "बेरीज करून दे. माझ्याकडून काहीतरी चुकतंय."

मी केली. दोनदा केली. सात पूर्णांक सहा.

"चला," ते म्हणाले. आम्ही दोघं झाडू-बादल्यांच्या खोलीत गेलो. पोरं सरळ बसली. मावशी खडू हातात धरून उभी.

"सात पूर्णांक सहा," लुंडक्विस्ट म्हणाले.

मावशीने खडू खाली ठेवला. फार जपून, अंड्यासारखा.

"आठ नाही," ती म्हणाली.

"आठ नाही. आणि मला वाईट वाटतंय, खरंच सांगतो. बाकी सगळं... पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा, उत्तम. नववा तर शेजारच्या वर्गात कोणालाच आला नव्हता. पण सातवा! एकोणीस पेपर, एकोणीस कोऱ्या जागा. एकानेही एक अक्षर लिहिलं नाही."

"सातवा काय होता?"

लुंडक्विस्टनी चष्मा चढवून वाचलं. "'या गावाला ॲबंडन्ड का म्हटलं आहे? तुमच्या शब्दांत लिहा.'"

एकोणीस जोडी डोळे बाकांवर खिळलेले. माझी बहीण तर बाकाखालीच जायच्या बेतात.

"बघितलंत?" लुंडक्विस्ट म्हणाले. "शब्द शिकवलाय, असं तुमच्याच वहीत लिहिलंय. आणि एकालाही येत नाही."

मावशी हळूच वर्गाकडे वळली. "सितलाली."

"जी, बाई."

"का लिहिलं नाहीस?"

"असंच."

"अर्थ येत नाही?"

सितलालीच्या चष्म्यावर वाफ आली. "येतो."

"मग सांग."

"नाही सांगणार."

"सांग म्हणते ना मी!"

"बाई, तुम्ही दुसरं काहीही विचारा. 'रिमोट' विचारा. 'स्केअर्स' विचारा, म्हणजे दुर्मीळ. मी उभ्या उभ्या सांगते. ते नाही सांगणार. आई म्हणाली, जिच्या घरचा भात खाल्ला..." ती अडकली आणि नाक ओढत खाली बसली. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "तुम्हीच पेपर गोळा कराल असं वाटलं होतं, बाई. मग तुम्ही वाचलं असतं."

मावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. तिचं तोंड आधी लाल झालं, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं आता रडते. पण ती हसत होती. हसता हसता ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"गाढवांनो! अरे, गाढवांनो! अकरा वर्षं झाली. मला आता त्या माणसाची मिशीसुद्धा आठवत नाही. लिहायचं होतं की रे! मस्त लिहायचं होतं! माझं नाव घालून लिहायचं होतं!"

"कुठला माणूस?" लुंडक्विस्टनी मला विचारलं.

"नंतर सांगते, सर," मी म्हटलं.

"मला काही कळत नाहीये. मिसेस आरेगीन, कोरं ते कोरं. मी कोऱ्या जागेला गुण देऊ शकत नाही."

"नका देऊ," मावशी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मी एकच विचारते. तुम्ही किती वर्षं शाळेत आहात?"

"एकतीस. इथे बावीस."

"एकतीस वर्षांत ज्या पोराला उत्तर येत नाही ते पोर काय करतं, बघितलंय ना? जागा कोरी सोडतं?"

लुंडक्विस्टनी चष्मा काढून पुसला.

"नाही सोडत," मावशीच म्हणाली. "ते काहीतरी खरडतं. तोंडाला येईल ते. 'गाव छान होतं.' 'गाव मोठं होतं.' तुमच्या शेजारच्या वर्गात काय लिहिलं होतं सातव्याला?"

लुंडक्विस्टनी मान खाली घातली. "'गावात बँड वाजत होता.' तिघांनी."

"हं. आणि इथे एकोणिसांनी एकच जागा कोरी ठेवली. न ठरवता. सर, ज्याला शब्द कळला नाही त्याला कुठे गप्प राहायचं ते कसं कळेल?"

लुंडक्विस्टनी पेपरांची चळत पुढे धरली. वरच्या पेपरची सातवी जागा पाहिली. मग त्याखालचा. मग त्याखालचा. शिट्टी बोटांत फिरवत ते एकोणीसच्या एकोणीस जागा बघत राहिले. मला माहीत होतं, ते गणित करत होते, आणि ते गणित जमत नव्हतं.

मावशीने टेबलाचा खण उघडला. त्यातून एक चिठ्ठी काढली. कोरी करकरीत, पुढच्या आठवड्याची. तिच्यावर तिच्या मोठ्या गोल अक्षरात एक शब्द होता: 'रिलक्टंट.' मुलाच्या नावाच्या जागी सितलालीचं नाव. खालची रेघ मोकळी.

"याला बाप नाही मिळाला अजून," ती म्हणाली. "मनातून नको असतं, तरी पाय पुढे टाकावा लागतो, त्या माणसाचा शब्द आहे. गोष्ट पुढच्या शुक्रवारी सांगायची. इथे, या खोलीत, या तासाला."

तिने चिठ्ठी त्यांच्या पेपरांच्या चळतीवर ठेवली.

"व्हाल का, सर? याचा पाद्रिनो?"

बावीस वर्षं. या बावीस वर्षांत त्यांना आमच्यापैकी कोणी केकचा, बुटांचा, बँडचा, ट्रॅक्टरचा, कशाचाही धर्मबाप केलेलं नव्हतं. दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या अंगणात बँड वाजायचा आणि ते आपल्या घराच्या पायरीवर बसून ऐकायचे. हे मला माहीत होतं, कारण मी समोरच राहते. ते कधी आले नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि आम्ही कधी बोलावलं नाही, कारण ते येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

लुंडक्विस्ट चिठ्ठीकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला. वर्गाकडे पाहिलं. वर्गाने त्यांच्याकडे पाहिलं. मावशीने पाहिलं नाही. ती फळा पुसत होती, जो आधीच स्वच्छ होता.

मग त्यांनी पेपरांची चळत बगलेत मारली, चिठ्ठीची नीट चार बोटांची घडी घातली, ती शर्टाच्या खिशात, गळ्यातल्या शिट्टीच्या मागे सरकवली आणि दाराकडे निघाले. दारात पाऊल अडलं. मागे वळल्यासारखे झाले. पुन्हा पुढे. पुन्हा अडले. साडेसहा फुटांचा माणूस, उंबऱ्यात, एक पाय आत आणि एक बाहेर.

सितलालीने तोंडावर हात दाबून धरला होता. बोटांच्या फटीतून ती जेमतेम कुजबुजली, "बाई, बघा ना, बघा..."

"गप्प," मावशी फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली. "त्यांना करू दे."

आणि लुंडक्विस्ट काहीही न बोलता, एकेक पाय ओढत, व्हरांड्यातून निघून गेले.